कोल्हापूर ते परदेश: विमानातली कोरड आणि तहान, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहूपुरीत आमचं मेडिकल आहे. एप्रिल-मे आला की, आणि परत दिवाळीनंतर, काउंटरवर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली आई, मुलाकडे मेलबर्नला चाललेले निवृत्त मास्तर, दुबईला पहिल्या नोकरीवर निघालेला पोरगा. हातात औषधांची यादी, आणि यादीपेक्षा लांब प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हृदय, किडनी, मधुमेह यांची औषधं चालू असतील त्यांनी प्रश्न १७ आणि १८ वाचावेतच, पण शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचा.

१. विमानात एवढं कोरडं का होतं? एसी फार ठेवतात म्हणून का?

एसीला उगाच बोल लागतो. विमान साधारण ३५ ते ४० हजार फुटांवरून जातं. तिथली हवा उणे ५० अंशांच्या आसपास, आणि इतक्या गार हवेत बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा आत घेऊन, दाबून, उबदार करून केबिनमध्ये सोडतात. ऊब आली म्हणून तिच्यात पाणी येत नाही. केबिनमधली निम्म्याच्या आसपास हवा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरमधून गाळून परत फिरवतात. ओलावा मिळतो तो मुख्यतः माणसांच्या श्वासातून आणि अंगातून. त्यामुळे आर्द्रता १० ते २० टक्के राहते, लांबच्या प्रवासात कधी त्याच्याही खाली जाते. जुलैत रंकाळ्यावर ८०-९० टक्क्यांच्या दमट हवेत फिरणाऱ्या माणसाला तिथं तोंडावरचं कातडं ओढल्यासारखं वाटणारच. गंमत म्हणजे महागड्या बिझनेस क्लासमध्ये माणसं कमी, म्हणून तिथली हवा आणखी कोरडी.

मुद्दाम ओलावा का सोडत नाहीत, असंही विचारतात. जादा बाष्प गार धातूवर जमतं, त्यानं गंज आणि वजन दोन्ही वाढतं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या सांगाड्यात कार्बन फायबर बरंच असल्यानं ती भीती कमी, आणि आतला दाबही ६ हजार फुटांवर असावा तसा ठेवतात. इतर विमानांत तो ८ हजार फुटांपर्यंतचा असू शकतो. म्हणून या दोन विमानांत प्रवास थोडा सुसह्य होतो. सारख्या दराची दोन तिकिटं समोर असतील तर विमानाचा प्रकार बघा. पण तेवढ्यासाठी दहा हजार जास्त मोजू नका.

२. म्हणजे कोरड्या हवेत अंगातलं पाणी उडून जातं आणि डिहायड्रेशन होतं, हे खरं ना?

बहुतेकांना हेच वाटतं, आणि ते तितकंसं खरं नाही. कोरड्या हवेचा मार वरवर बसतो: कातडी, ओठ, डोळे, नाक, घसा. शरीराच्या आतलं पाणी त्यामानानं फारसं जात नाही. आठ तासांच्या प्रवासात नुसत्या कोरड्या हवेमुळे जादा जाणारं पाणी जेमतेम अर्ध्या पेल्याच्या आसपास धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रवाशांसाठीची सूचनाही अशीच आहे: कोरड्या हवेनं त्रास होतो, धोका नाही, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त पाणी पिण्याची गरज नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा. कोरड ही वरची, तिला क्रीम, ड्रॉप्स, स्प्रे. तहान ही आतली, तिला पाणी. ओठ फुटले म्हणून दोन लिटर पाणी प्यायलात तर ओठ तसेच राहतील आणि बाथरूमच्या फेऱ्या तेवढ्या वाढतील.

३. मग उतरल्यावर डोकं का ठणकतं, तोंडाला कोरड का पडलेली असते, लघवी हळदीसारखी का होते?

कारण आपण विमानात चढतानाच अर्धे सुकलेले असतो. कोल्हापूरकराचा परदेश प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यावर होतो. हिशेब मांडा. मुंबईचं विमान रात्री २ चं. तीन तास आधी पोचायचं म्हणजे ११ ला. मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर, वाटेत पुण्याची आणि पनवेलची गर्दी, म्हणून घरातून दुपारी १२ ला निघायचं. सकाळी बॅगांचं वजन, पाहुण्यांची वर्दळ, अंबाबाईचं दर्शन. यात सकाळच्या चहानंतर पाणी कोणी पीत नाही. गाडीत बसल्यावर तर ठरवून पीत नाहीत, कारण वाटेतली बाथरूम. सातारच्या पुढं ढाब्यावर वडापाव किंवा भजी, मीठ-तिखट भरपूर, त्यावर एक चहा. मग विमानतळावर रांगा. विमान सुटेपर्यंत चौदा तास झालेले, आणि पोटात गेलेलं पाणी दीड-दोन पेले.

त्यानंतर झोप मोडलेली, दहा ते सोळा तास एका जागी बसणं, जेवणाच्या अनियमित वेळा. डोकं ठणकणारच. दोष सगळा विमानाच्या माथी मारला जातो, पण निम्मी तहान आपण कोल्हापुरातूनच बांधून नेलेली असते.

४. पण गाडीत पाणी प्यायलं की बाथरूमचा प्रश्न येतो. बायकांनी काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायकाच विचारतात, आणि तक्रार शंभर टक्के रास्त आहे. माझी आई गेल्या वर्षी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मुंबईला निघाली, गाडी एकदाच थांबली आणि तिथल्या बाथरूमची कडी तुटलेली. ती पुढं मुंबईपर्यंत पाण्याला शिवली नाही.

उपाय असा: पाणी तोडू नका, वेळ साधा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून नेहमीसारखं, थोडं सढळ पाणी प्या. निघायच्या दोन तास आधी दोन पेले प्या आणि निघताना बाथरूमला जाऊन या. त्यानंतर गाडीत घोट-घोट. एकदम पेलाभर प्यायलं की लगेच लागते, घोट घेत राहिलं की तेवढी घाई होत नाही. स्वतःची गाडी केली असेल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की दर दोन तासांनी मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा टोलनाक्याजवळच्या बऱ्या हॉटेलात थांबायचं. सोबत टिश्यू आणि साबणाचा कागद ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं एक दिवस आधी जाऊन मुंबईत कोणाकडे तरी मुक्काम करता आला तर वयस्कर माणसांसाठी तो सगळ्यात चांगला मार्ग. रेल्वेत निदान बाथरूम तरी असतं.

लघवी तुंबवून ठेवण्याची सवय बायकांना मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाकडे नेते, आणि परदेशात पोचल्या पोचल्या अँटिबायोटिकसाठी डॉक्टर शोधत फिरणं फार महागात पडतं.

५. विमानात नेमकं किती पाणी प्यायचं? लिटरमध्ये सांगा.

लिटरचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. जागेपणी दर तास-दीड तासानं कागदी कप किंवा पेलाभर, एवढं बहुतेक निरोगी माणसांना पुरतं. रात्रीच्या प्रवासात झोप लागली तर पाण्यासाठी गजर लावून उठायचं काही कारण नाही. झोपेचं मोल त्या पेल्यापेक्षा मोठं.

खरी खूण लघवीचा रंग. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर ही खूण चालत नाही, तिनं रंग एरवीही गर्द पिवळा होतो. उलट्या टोकालाही जाऊ नका. तासाला लिटरभर पाणी सलग पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस त्यावर अजून पाणी पितो. ज्यांना पाण्याचं माप ठरवून दिलंय त्यांनी प्रश्न १७ बघावा.

६. निघायच्या आदल्या दिवशी तांबडा-पांढरा झाला तर चालेल का? परत सहा महिने मिळणार नाही!

आदल्या दिवशी दुपारी खुशाल खा. निघायच्या दिवशी नको. तिखटापेक्षा अडचण मिठाची आणि तेलाची. मीठ जास्त गेलं की तहान लागते आणि पायही जास्त सुजतात. आणि मिसळीबद्दल वेगळं सांगतो. केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे पोटातला वायू जवळपास तीस टक्क्यांनी फुगतो. चिप्सची पाकिटं विमानात टम्म होतात ना, तसंच. मटकी, कट, वर सोडा अशी न्याहारी करून लांबच्या विमानात बसलेल्या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे आणि त्याच्या शेजाऱ्याबद्दल जास्त. दहीभात, मऊ मुगाची खिचडी, ताक, केळं हे त्या दिवसाचं खाणं.

विमानातलं जेवण सपक लागतं कारण कमी दाब आणि सुकलेलं नाक यांनी चव बोथट होते. वरून मीठ मागून घेऊ नका. घरचा शेंगदाण्याच्या चटणीचा छोटा डबा बरा.

७. चहानं अंगातलं पाणी कमी होतं म्हणे. दिवसाला सहा कप पिणाऱ्यानं काय करायचं?

रोज चहा पिणाऱ्या माणसाच्या शरीराला कॅफिनची सवय झालेली असते. त्याला दोन-तीन कपांनी पाण्याची तूट येत नाही; चहातलं पाणीही पाणीच. उलट चहा एकदम बंद केला तर डोकं दुखेल आणि ते विमानाच्या खात्यात जाईल. एवढंच पाळा की चहा पाण्याच्या जागी नको, आणि झोपायच्या आधीच्या पाच-सहा तासांत नको. कॉफीला हेच लागू, फक्त तिच्यात कॅफिन जास्त.

८. विमानात ड्रिंक्स फुकट असतात. एक-दोन घेतले तर?

दारूनं मेंदूतून सुटणारा, लघवी रोखून धरणारा संप्रेरक दबतो, म्हणून प्यायल्यापेक्षा जास्त बाहेर जातं. झोप लागते पण मोडकी लागते. तोंड उघडं ठेवून घोरणं वाढतं, आणि घसा सकाळी सँडपेपर. घ्यायचंच असेल तर जेवणासोबत एक, बरोबरीनं तेवढंच पाणी, आणि तिथं थांबा. झोपेची गोळी घेणार असाल तर तो एकही नको.

९. निघताना काय प्यावं: शहाळं, ताक, उसाचा रस, इलेक्ट्रॉल, की नुसतं गूळ-पाणी?

पाहुणा उन्हातून आला की आधी गूळ-पाणी द्यायची आपली पद्धत उगाच नाही. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, त्यात थोडी साखर आणि खनिजं गेली. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तब्येतीसाठी नव्हे पण अभिमानाला चालेल. ताक आणि नाचणीची आंबील माझ्या मते निघायच्या दिवशी सगळ्यात चांगली: पोटाला हलकी, मीठ माफक. शहाळं चालेल, पण किडनीच्या रुग्णांना नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. उसाचा रस रस्त्यावरच्या बर्फासकट निघायच्या दिवशी कोणीही पिऊ नये. पोट बिघडलं तर चौदा तासांचा प्रवास म्हणजे शिक्षा.

इलेक्ट्रॉल म्हणजे ओआरएस. ते जुलाब-उलट्यांचं औषध आहे, प्रवासाचं सरबत नाही. दोन पाकिटं बॅगेत असू द्या, पोट बिघडलं तर लागतील. पाकिटावर पाण्याचं जे माप लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवायचं. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणारे लोक मी बघितलेत, ते घातक आहे. आणि खोक्यातून मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, तरी गिऱ्हाईक अजून तेच मागतं.

१०. पाण्याची बाटली आत नेऊ देतात का?

भरलेली नाही, रिकामी नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव चालत नाही, आणि त्या छोट्या बाटल्या लिटरभर मापाच्या पारदर्शक पिशवीत ठेवायच्या. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर हा नियम आला. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे पाण्याचे नळ असतात, तिथं बाटली भरून घ्या. दुबई, दोहा असं मध्ये विमान बदलणार असाल तर तिथं परत तपासणी होऊ शकते आणि भरलेली बाटली काढून घेतात, म्हणून उतरायच्या आधी पिऊन रिकामी करा. काही ठिकाणी अमेरिकेच्या विमानाला अगदी गेटवरही तपासतात.

बाळाचं दूध आणि गरजेची औषधं यांना या मापातून सूट असते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. खोबरेल, लोशन, क्रीम, तूप, लोणचं हे सगळं द्रवातच धरलं जातं. जाता जाता: अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त मापाची पूड असेल तर वेगळी तपासणी होते, तेव्हा कांदा-लसूण मसाल्याचा डबा मोठ्या बॅगेतच जाऊ द्या.

११. आई एकटी चाललीय, इंग्रजी येत नाही, पाणी मागायला संकोचते. काय करू?

एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून द्या: ‘मला पाणी हवंय, बर्फ नको’, ‘मला गरम पाणी हवंय’, ‘मला बाथरूमला जायचंय’. कागद दाखवायला संकोच वाटत नाही. तिची रिकामी बाटलीही सोबत द्या आणि सांगा, चढल्यावर बाटली पुढं करून ‘वॉटर प्लीज’ एवढं म्हण, भरून देतात. छोट्या पेल्यासाठी दहा वेळा हाक मारण्यापेक्षा हे सोपं. पाणी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, हे आपल्या आयांना तिकीट हातात देतानाच सांगावं लागतं. आणि सीट आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची घ्या. खिडकीतली आई दोन अनोळखी माणसांना उठवण्यापेक्षा सोळा तास पाणीच पिणार नाही, हे मी लिहून देतो.

१२. विमानातल्या बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायलं तर चालतं का?

नाही. त्यानं चूळही भरू नका. दात घासायला पेल्यातलं किंवा बाटलीतलं पाणी न्या.

१३. तोंडाला, हातांना, ओठांना काय लावू? खोबरेल चालेल का?

चालेल, पण पद्धत महत्त्वाची. तेल किंवा व्हॅसलीन पाणी देत नाही, असलेलं पाणी आत अडवून ठेवतं. म्हणून कोरड्या कातडीवर नुसतं तेल चोपडण्यापेक्षा तोंड-हात धुवून, टिपून, किंचित ओलसर असतानाच घट्ट मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन असलेलं क्रीम आणि त्यावर पातळ थर व्हॅसलीनचा, हे साधं आणि स्वस्त. चढायच्या आधी एकदा, मध्ये एकदा, उतरायच्या आधी एकदा. फार सुगंधी लोशन नको, शेजाऱ्याच्या डोक्यात जातं.

ओठांना जीभ लावू नका, थुंकी उडाली की आणखी फुटतात. थंडावा देणारे, मेंथॉलवाले लिप बाम काहींना झोंबतात, साधं व्हॅसलीन बरं. टाचांना भेगा असतील तर कोकमाचं तेल लावून मोजे घाला. ही आजीची युक्ती अजून कुठल्या महाग क्रीमनं हरवलेली मी बघितली नाही.

१४. मुलीनं फेस मिस्ट दिलाय. दर तासाला तोंडावर मारू का?

नुसत्या मिस्टनं दोन मिनिटं बरं वाटतं, मग ते पाणी उडतं आणि कातडी पुन्हा होती तशीच ओढते, कधी जास्त. मारायचाच असेल तर लगेच वरून क्रीम लावा. कारण प्रश्न १३ मध्ये आलंय.

१५. कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेलो तर? आणि वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

लेन्स काढून चष्मा लावा. कोरड्या हवेत लेन्स डोळ्याला चिकटते, त्यात तासन्‌तास समोरच्या पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात. जवळ प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, अश्रूंसारखे वंगण देणारे ड्रॉप्स ठेवा. लाली घालवणारे ड्रॉप्स मागू नका, त्यांचा परिणाम उतरला की लाली परत येते आणि कोरड तशीच राहते.

मोतीबिंदूनंतर काही महिने डोळे कोरडे वाटणं नेहमीचं. कधी उडायचं आणि कोणते ड्रॉप्स टाकायचे ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा. पण पडद्याचं म्हणजे रेटिनाचं ऑपरेशन होऊन डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात अजिबात बसायचं नाही. प्रश्न ६ मधल्या पोटातल्या वायूसारखाच तो वायू वर गेल्यावर फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांनी हातात पट्टा किंवा कार्ड दिलं असेल, ते जपून ठेवा.

१६. नाक सुकतं, मध्येच घोळणा फुटतो, घसा खरखरतो. काही आहे का?

मिठाच्या पाण्याचा नाकातला स्प्रे. औषध नाही, सवय लागत नाही, दोन-तीन तासांनी खुशाल मारा. नाकाच्या कडेला बोटभर तूप लावायची घरगुती पद्धत आहे. कडेला अगदी पुसट लावलं तर ठीक, पण झोपून नाकात थेंब ओतू नका, तेल फुप्फुसात उतरलेलं चांगलं नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारे ड्रॉप्स वेगळे, ते नाक आणखी सुकवतात.

सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे मास्क. आपल्याच श्वासाचा ओलावा आत राहतो, नाक-घसा दोन्हींना आराम. कोरोनानं शिकवलेल्या गोष्टींपैकी ही एक मी अजून सोडलेली नाही. घशाला खडीसाखर किंवा ज्येष्ठमधाची कांडी चघळा.

घोळणा फुटलाच तर मान मागं टाकू नका, रक्त घशात जातं. पुढं वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून १०-१५ मिनिटं सोडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा अर्ध्या तासात थांबलं नाही तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

१७. बाबांना हृदयाचा त्रास आहे, लघवीची गोळी चालू आहे. त्यांनीही पाणी वाढवायचं का?

नाही, स्वतःच्या मनानं नाही. हृदय कमजोर असलेल्यांना आणि काही किडनी रुग्णांना डॉक्टर दिवसाचं पाणी ठरवून देतात. विमानातही तेवढंच, कोरडीला स्प्रे आणि क्रीम. गोळी मात्र बाथरूमच्या भीतीनं परस्पर बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढं-मागं करता येते का, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. ‘मला तहान नाही’ या आजोबांच्या शब्दावर जाऊ नका, लघवीच्या रंगावर जा. उलट मुतखड्याच्या रुग्णांना पाणी सढळ हवं, त्यांनी मोजून-मापून जागेपणी पीत राहावं.

१८. मधुमेह आहे. तहान लागली तर ती साखर वाढल्याची की विमानाची, कसं कळायचं?

ग्लुकोमीटरनं. तो हातातल्या बॅगेतच ठेवा, इन्सुलिनही. विमानाच्या पोटातल्या बॅगेत ते गोठू शकतं. सारखी तहान, सारखी लघवी आणि आकडा नेहमीपेक्षा बराच वर असेल तर ती साखर. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू असेल तर तिनं लघवी जास्त होतेच, तुम्हाला तहान लवकर लागेल. सरबत आणि ज्यूसऐवजी पाणी. इन्सुलिनच्या वेळा देश बदलल्यावर कशा बसवायच्या, ते डॉक्टरांकडून लिहून आणा, काउंटरवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

१९. चार महिन्यांच्या नातीला पाणी पाजायचं का?

सहा महिन्यांच्या आत नाही, फक्त दूध. अंगावरचं असेल तर जास्त वेळा पाजा. विमान चढताना आणि उतरताना पाजलं तर कानही दुखत नाहीत. पाजणाऱ्या आईला मात्र पाणी जास्त लागतं, सगळे बाळाकडे बघतात आणि तिच्या पेल्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बाळानं सहा-आठ तासांत लंगोट ओला केला नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यात पाणी येत नसेल तर उतरल्यावर थेट डॉक्टर.

२०. एकादशी आहे, निर्जळी करते. किंवा रोजा असेल तर?

पाणी पिऊन उपवास करा, एवढंच मी म्हणेन. उपवासाचा चिवडा आणि वेफर्स खारट असतात, पाणी न पिता ते तर नकोच. राजगिऱ्याचे लाडू, केळं बरं. इस्लाममध्ये प्रवाशाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ठेवायचाच असेल तर सहरीला नीट पाणी प्या, आणि विमानात इफ्तारची वेळ बाहेरच्या सूर्यावर ठरते, पश्चिमेकडे जाताना दिवस फार लांबतो हे ध्यानात ठेवा.

२१. पाय सुजतात, रक्ताची गुठळी होते, ते पाणी कमी पडल्यामुळं ना?

मुख्य कारण एका जागी बसणं. चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुपटीनं वाढतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत दिसलं, पण निरोगी माणसात तो मुळात कमी, अशा सहा हजार विमानप्रवासांमागे एक असा काहीसा. पाण्याचा एक आडवळणी फायदा आहे: प्यायलं की बाथरूमला उठावं लागतं, म्हणजे चालणं होतं. बसल्या जागी टाचा-चवडे हलवत राहा. आधी गुठळी झालेले, नुकतं मोठं ऑपरेशन झालेले, गरोदर आणि कॅन्सरचे रुग्ण यांनी दाबाच्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. मनानं अ‍ॅस्पिरिन नको.

आणि कृपा करून नवी कोरी कोल्हापुरी घालून जाऊ नका. पाय सुजल्यावर तिचा अंगठा असा काचतो की हिथ्रोवर अनवाणी उतरावं लागेल. बॅगेत न्या, तिथं मिरवा.

२२. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेतली तर?

फेनिरामाइनसारख्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते, पण तोंड, डोळे, नाक सगळं आणखी सुकतं. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. म्हाताऱ्या माणसांना गुंगीत तोल जाण्याची भीती. गाडी लागू नये म्हणून घेतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचाही हाच स्वभाव. मी त्यासाठी देत नाही, दुसऱ्या दुकानातून आणलीत तर माझं नाव सांगू नका.

२३. दुबई तीनच तासांची. एवढं सगळं करायचं?

विमानासाठी नाही. मुंबईपर्यंतच्या रस्त्यासाठी हो, प्रश्न ३ आणि ४ बघा.

२४. पोचून आठवडा झाला तरी अंग खाजतंय, ओठ फुटतायत. विमानाची कोरड इतके दिवस राहते?

विमानाची एक-दोन दिवसांत जाते. डिसेंबर-जानेवारीत अमेरिका, कॅनडा, इंग्लंडला गेला असाल तर ती आता घराची आहे. बाहेरची गार हवा आत घेऊन हीटरनं तापवतात, प्रश्न १ मध्ये विमानाचं जे झालं तेच घरात. कडकडीत पाण्यानं अंघोळ टाळा, साबण कमी, अंग पुसल्या पुसल्या क्रीम. दिवसभर लघवीच झाली नाही, उठल्यावर चक्कर येते, गोंधळल्यासारखं बोलणं, किंवा एका पोटरीत दुखून सूज आणि दम लागणं, यातलं काही असेल तर क्रीम लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

२५. परत येताना काही वेगळं?

येतानाही तोच रस्ता, फक्त उलटा, आणि आता तुम्ही आधीच थकलेले. उतरल्यावर बॅगा येईपर्यंत बाटली भरून घ्या, बाथरूमला जाऊन या, मगच बाहेर पडा. न्यायला आलेल्या पोरांना आधीच फोन करून सांगा की गाडीत ताक आणि केळी आणा. ती हमखास मिसळ खायला थांबवतात; थांबा, पण आधी दोन पेले पाणी.